रक्तातला गंज

लालबाग,
ता. ११ सप्टेंबर २०२५

ति. नानामामास,
सविनय जय भीम. वि. वि.

रविवारी माझं बोलणं अर्ध्यावर असताना तुम्ही फोन ठेवलात. नंतर लावत राहिले, उचलला नाहीत. म्हणून हे पत्र. उभा जन्म दादरच्या पोस्टात लोकांची पाकिटं लावण्यात गेला तुमचा, तेव्हा आलेलं पाकीट न वाचता टाकणार नाही एवढी खात्री आहे.

हर्ष घरी आलाय. डोळे अजून पिवळट आहेत, पण आईच्या हातची पेज नको म्हणून कटकट करतोय, म्हणजे सुधारतोय. काय झालं ते तुम्ही आईकडून तुकड्यातुकड्यांत ऐकलंत, म्हणून नीट सांगते. मलेरियाचा ताप होता. नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोन औषधं दिली. एकाने ताप उतरला. दुसऱ्या गोळीचं नाव प्रायमाक्विन. लिव्हरमध्ये दडून बसलेले जंतू पुन्हा डोकं वर काढू नयेत म्हणून ती घ्यायची असते. ती सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली. आईला घाबरवायचं नाही म्हणून हा शहाणा गप्प बसला. जिना चढताना कठड्याला धरून खाली बसला तेव्हा मला कळलं. बाहेर गणपतीची गर्दी, टॅक्सी गल्लीत शिरेना. त्याच्या मित्राच्या स्कूटरवर मध्ये बसवून आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. अंगात निम्मं रक्तही उरलं नव्हतं.

आता तो भाग, जिथे तुम्ही फोन ठेवलात. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच लोखंडाला गंज चढवतो आणि पितळेला काळं करतो. रक्ताच्या लाल पेशीत लोह आहे आणि प्राणवायूही तिथेच भरलेला, म्हणजे गंजाचं सगळं सामान एका डबीत. म्हणून पेशी स्वतःला सतत घासत असते. घासायला लागणारी चिंच बनवणारं एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पी-डी. ते कमी असलं तरी माणूस एरवी मजेत जगतो. पण काही औषधं पोटात गेली की इलेक्ट्रॉनची देवघेव सुरू करतात, इकडचा उचल, तिकडे दे, आणि गंज भराभर चढतो. ज्यांच्याकडे चिंच कमी, त्यांच्या पेशी फुटतात. हर्षचं हेच झालं असा डॉक्टरांचा दाट संशय आहे.

हा गुण आईकडून मुलाकडे येतो. हर्षला आईकडून आला असेल, तर आईला बहुधा आजीकडून. म्हणजे तुमच्यातही असू शकतो. तुमच्यात असेल तर तुमच्या लेकीकडे, दीपिकाकडे, नक्की गेला, आणि पुढे तिच्या मुलांकडे जाऊ शकतो. म्हणून तुम्ही रक्त तपासून घ्या. एक छोटी नळी लागते. एवढंच म्हणत होते मी.

आणि नव्या घरातल्या कपाटांत तुम्ही डांबराच्या गोळ्या मुठीमुठीने टाकल्यात असं दीपिका म्हणाली. त्या आधी काढा. त्यांची वाफही असल्या रक्ताला चालत नाही.

कळावे. लोभ आहे हे ठाऊक आहे, तो फोन उचलण्याइतका असावा.

तुमची,
संघमित्रा


वरळी,
ता. १९ सप्टेंबर २०२५

चि. संघमित्रास,
नानाचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. पिनकोडचा शेवटचा आकडा चुकवला आहेस. पीएच.डी. झालेल्या मुलीने मामाच्या घरचा पिनकोड चुकवावा, ही या देशातल्या शिक्षणाची अवस्था.

नव्या टॉवरात आम्ही बरे आहोत. तेविसाव्या मजल्यावर वारा इतका की दार आपोआप तोंडावर आपटतं. चाळीत असताना कोणाच्या घरी बोंबील तळतायत ते गॅलरीत उभं राहून कळायचं. इथे शेजाऱ्याचं आडनाव त्याच्या बेलवर वाचून आलो. डांबराच्या गोळ्या काढल्या. आता झुरळं आली की तुला कळवीन.

मुद्द्यावर येतो. तुझ्या आईने, कांताने, हर्षचे सगळे कागद मोबाइलवर पाठवले आहेत. तुझ्या त्या लाडक्या एन्झाइमच्या पुढे 'नॉर्मल' असं छापलं आहे. मला इंग्रजी वाचता येतं. हॉस्पिटलच्या यंत्राने पोराला निर्दोष सोडलं, आणि सख्खी बहीण त्याच्यासकट अख्ख्या घराला आरोपी करते आहे.

तुला माहीत आहे की दीपिकाचं नायगावच्या मयूरशी ठरत आलं आहे. मुलगा मेट्रोच्या ऑफिसात आहे, माणसं सरळ आहेत, आई मीराबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अशा वेळी मी रक्त तपासायला जाऊन बसू, आणि कोणी विचारलं तर काय सांगू? बाई, तुझी एन्झाइमं मला कळत नाहीत, पण रक्ताची भाषा मला चांगली कळते. आपल्या माणसांना पिढ्यानपिढ्या रक्तावरूनच ऐकवलं गेलं. माझ्या बापाला गावच्या विहिरीवर त्याचं रक्त काढून दाखवलं गेलं होतं, तोंडानेच, जात काढून. त्यातून आपण शिकून वर आलो. आता घरातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या पोरीने आपल्याच रक्तात खोट काढावी, हे मला सहन होत नाही.

हा विषय इथे संपला. दीपिकाकडे काढू नकोस.

हर्षला म्हणावं, पेज पी. लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या आड आहे.

तुझा,
नाना


लालबाग,
ता. २८ सप्टेंबर २०२५

ति. नानामामास,
सविनय जय भीम. वि. वि.

पिनकोड दुरुस्त केला आहे, पाहा.

'नॉर्मल'चं ऐका. टेस्ट झाली तेव्हा हर्षच्या ज्या पेशी कमजोर होत्या त्या फुटून वाहून गेलेल्या. अंगात उरल्या त्या नव्या कोऱ्या, ज्यांच्यात एन्झाइम अजून ताजं असतं, आणि भर म्हणून दुसऱ्यांचं चढवलेलं रक्त. नापास होणारी पोरं आधीच शाळेतून काढली की निकाल शंभर टक्के लागतो, तसा तो नॉर्मल. हे मी नाही, हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा तपासा असं त्यांनी त्याच कागदावर खाली लिहिलंय. तुम्ही वरचं वाचलंत, खालचं सोडलंत. पोस्टातल्या माणसाने अर्धाच पत्ता वाचावा?

रक्ताबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी परत परत वाचलं. त्यावर चिडता येत नाही, म्हणून जास्त चीड आली. मामा, ही खोट नाही. सगळ्या जातींत, सगळ्या धर्मांत, आफ्रिकेपासून इटलीपर्यंत हे रक्त सापडतं. जिथे जिथे मलेरिया होता तिथे ते टिकलं, कारण अशा पेशीत मलेरियाच्या जंतूला नीट वाढता येत नाही. म्हणजे आपले कोणी आजोबा-पणजोबा याच रक्ताने वाचले असतील. ज्याने वाचवलं त्यालाच तुम्ही लपवताय. ज्यांनी विहिरीवर रक्त काढलं, त्यांच्या घरीही ही टेस्ट करावी लागेल. रक्ताला गाव कळत नाही.

आता माझं रडगाणं. लॅबमध्ये तीन वर्षं मी ज्या रेणूवर काम करतेय, तो जांभळ्या रंगाचा, आम्ही त्याला जांभूळच म्हणतो, तोही मलेरियाच्या जंतूला इलेक्ट्रॉनची देवघेव करूनच मारतो. डिशमध्ये असा सुंदर मारतो की आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. पण डिशमधलं रक्त आम्ही ब्लड बँकेतून आणतो, साधंसुधं. हर्षचं हे झाल्यापासून माझी झोप उडालीय. जे हर्षच्या गोळीने केलं ते माझं जांभूळ करणार नाही कशावरून? मी मॅडमना म्हटलं की चिंच कमी असलेल्या रक्तावर आधी करून बघू. त्या म्हणाल्या की होय, करायलाच हवं, पण आधी पेपर छापायला जाऊ दे. आधी, नंतर. सगळ्यांना सगळं नंतर करायचंय.

आणखी एक. आई परवा हर्षच्या पायाशी बसून होती आणि एकदम म्हणाली की दौलतला असंच झालं होतं. पिवळे डोळे, काळी लघवी, जिन्यात बसणं. आम्ही लहानपणापासून एवढंच ऐकलंय की तुमचा धाकटा भाऊ गिरण्यांच्या संपानंतर बेकार फिरायला लागला, हातभट्टीची प्यायला आणि विसाव्या वर्षी गेला. आई म्हणते की तो पीत नव्हता. त्याला आधी थंडी वाजून ताप होता, आणि पालिकेचा माणूस बोटातून रक्त घेऊन गोळ्या देऊन गेला होता. मामा, हे खरं आहे का? तुम्ही तेव्हा घरात मोठे होतात.

कळावे. राग बाजूला ठेवून उत्तर यावे, प्रेम मागाहून पाठवलंत तरी चालेल.

तुमची,
संघमित्रा


वरळी,
ता. १० ऑक्टोबर २०२५

चि. संघमित्रास,
जय भीम.

दौलतचं नाव तू या भांडणात आणायला नको होतंस. हे लिहायला मला इतके दिवस लागले, यावरून समज.

गोळ्यांचं कांता म्हणते ते खरं आहे. पालिकेचा माणूस आला होता. तुझी आजी रखमा सरकारी औषधाला फार मानायची. रोज सकाळी पाण्याचा गडवा घेऊन ती दौलतच्या उशाशी उभी राहायची आणि गोळी गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलायची नाही. हॉस्पिटलात पहिला प्रश्न झाला की पोरगा दारू पितो का. बाबा काही बोलले नाहीत. गिरणीतून सुटलेल्या माणसाच्या पोराबद्दल तेव्हा तोच प्रश्न व्हायचा आणि गप्प बसणं म्हणजेच उत्तर असायचं. चाळीत तेच पसरलं. त्या वर्षी खालच्या मजल्यावरची दोन पोरं खरोखरच हातभट्टीने गेली होती. मग आम्हीही तेच धरून बसलो.

आता मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. ती गोळी तीच होती का? दौलतला तेच होतं का? हो की नाही, एका शब्दात. तुझ्या तीन-तीन पानांच्या चिंचेचा मला कंटाळा आला आहे. बेचाळीस वर्षं आम्ही त्याला दारुडा म्हटलं. तू एक ओळ लिहून मला सांगणार असशील की तसं नव्हतं, तर पक्कं सांग. पक्कं सांगता येत नसेल तर उकरू नकोस.

तुझा,
नाना


लालबाग,
ता. १७ ऑक्टोबर २०२५

ति. नानामामास,
सविनय जय भीम.

एका शब्दात उत्तर नाहीये, आणि नसलेलं मी देणार नाही. दौलतमामाचं रक्त कुठे ठेवलेलं नाही, गोळीचं नाव कुणाला आठवत नाही. तेव्हा प्रायमाक्विनच देत असत, एवढं मला माहीत आहे. त्याच्या सख्ख्या भावात हा गुण निघाला, तर शक्यता खूप वाढेल. तरीही ती शक्यताच असेल.

तो भाऊ म्हणजे तुम्ही. हे मी आता शेवटचं लिहितेय. यापुढे मी लिहिणार नाही, तुम्ही तपासणार नाही, आणि दीपिकाला पुढेमागे मुलगा झाला आणि त्याला ताप आला की आपण दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसून एकमेकांकडे बघू.

कळावे.

संघमित्रा


वरळी,
ता. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्राताईस,
दीपिकाचा सप्रेम जय भीम.

घरात सध्या पत्र लिहिल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नाही असं दिसतंय, म्हणून मीपण लिहितेय. फोर्टच्या ऑफिसात लंच टाइममध्ये, डबा बाजूला ठेवून.

परवा मी कांताआत्याकडे आले होते तेव्हा तू लॅबमध्ये होतीस. तिने मला सगळं सांगितलं. ताई, खरं सांगू, मला नानांचा जेवढा राग आला तेवढाच तुझा आला. माझं रक्त, माझं लग्न, माझी न झालेली मुलं, आणि त्यावर तुम्ही दोघं दोन महिने एकमेकांना पाकिटं पाठवताय. नाना म्हणाले की दीपिकाकडे काढू नकोस, आणि तू खरंच काढलं नाहीस. एरवी कोणाचं ऐकत नाहीस, नेमकं तेवढं ऐकलंस. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. कुणीतरी मला एक फोन करायला हवा होता.

असो. त्याच रात्री जेवताना मी नानांना म्हटलं की मला माहीत आहे. ते ताटाकडे बघत म्हणाले की साखरपुडा होऊन जाऊ दे, मग बघू. मी म्हटलं, साखरपुड्यानंतर कळलं तर ते फसवणूक म्हणतील आणि तेव्हा त्यांचं बरोबर असेल. नाना उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आईच्या माघारी त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे त्यांची पाठ बघूनही मला कळतं. ते रागावले नव्हते, घाबरले होते.

काल सकाळी मी मयूरला दादरला भेटून सांगितलं. तुझी ती चिंच आणि पितळ, सगळं वापरलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला की म्हणजे थोडक्यात, काही औषधं टाळायची आणि डॉक्टरला आधी सांगायचं? मी म्हटलं हो. तो म्हणाला, एवढ्यासाठी तू मला ऑफिसच्या आधी बोलावलंस, मला वाटलं दुसरं कोणी आहे. ताई, मला हसावं की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं ते कळेना.

पण त्याने घरी सांगितल्यापासून मीराबाई गप्प आहेत. रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा, तो आज आला नाही. नाना दर तासाला विचारतायत की नायगावहून काही आलं का. मी त्यांना काही सांगत नाही. भोगू देत थोडं.

तुझी माया अशीच असू दे, फक्त यापुढे ती माझ्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
दीपू


लालबाग,
ता. २१ डिसेंबर २०२५

प्रिय दीपूस,
सप्रेम जय भीम.

तू मला झापलंस ते बरोबर होतं. म्हणून हे तुझ्याच पत्त्यावर. फोनवर सांगितलं असतं, पण घरात आई ऐकते आणि लॅबमध्ये सगळे.

मीराबाईंचं कळलं. त्या गप्प होत्या कारण त्या मयूरला धरून आधी त्याची टेस्ट करायला घेऊन गेल्या. एकटी मुलगीच का तपासायची, असं म्हणाल्या म्हणे. तुझ्या मुलग्यांसाठी मयूरच्या रक्ताचा संबंध येत नाही, मुलींसाठी येतो, हे मी त्यांना समजावायला गेले तर त्यांनी मलाच थांबवलं आणि विचारलं की लग्नात जेवणात काही चालत नाही का. मी म्हटलं, बाकल्याच्या शेंगा सोडून सगळं चालतं. बाकला आपल्या लग्नात कोण देतं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आपल्या घरात फोन ठेवणारं आणखी एक माणूस आलं.

नाना काल इथे आले होते. तुला न सांगता आले असणार. सहा तारखेला चैत्यभूमीवर पाणी वाटायची त्यांची ड्युटी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते एकटे जाऊन तपासणीला रक्त देऊन आले. रिपोर्ट घेऊन आले ते चपला न काढताच दारात उभे राहिले. त्यांच्यात आहे, दीपू. हर्षचा दुसरा रिपोर्टही आला. त्याच्यातही आहे. दोघांचे आकडे जवळपास सारखे.

आई तेव्हा मेथी निवडत होती. नाना तिला म्हणाले की कांता, दौलत पीत नव्हता. आईने मान वर केली नाही. म्हणाली की मी तेव्हापासून सांगतेय. सतरा वर्षांची पोर सांगत होती तेव्हा तिच्या बोलण्याला किंमत नव्हती, यंत्राने सांगितलं तेव्हा पटलं. मी मध्ये पडायला गेले की यंत्राने दौलतमामाचं काहीच सांगितलेलं नाही, हे फक्त नानांचं आहे. त्यावर दोघांनीही एकदमच मला गप्प बस म्हटलं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. मग नाना खाली बसले आणि मेथीची जुडी ओढून निवडायला लागले. दांडे सगळे ठेवत होते, आईने दोनदा हातातून काढून घेतली. शेवटी नाना जेवून गेले.

पण तुझ्या बापाचं काय करायचं ते सांग. आज सकाळी कळलं की त्यांनी टॉवरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, मलेरियाची गोळी विष आहे, कोणीही घेऊ नये. खाली मोठ्या अक्षरांत, माझी भाची शास्त्रज्ञ आहे. नवव्या मजल्यावरच्या एका बाईंनी नवऱ्याचा कोर्स मध्येच थांबवला. मी कपाळावर हात मारून घेतला. ती गोळी शंभरातल्या बहुतेकांना वाचवते, दीपू. घेऊ नका असं नाही, तपासून घ्या असं आहे. आणि ज्यांच्यात हे आहे त्यांनाही डॉक्टर आठवड्यातून एकदा, लक्ष ठेवून, देऊ शकतात. तू आजच्या आज त्यांच्याकडून दुसरा मेसेज टाकून घे, आणि त्या बाईंच्या घरी त्यांना स्वतःच्या पायाने पाठव. तीन महिने टेस्ट करा म्हणून विनवलं तर ढिम्म, आणि पटलं तर असं.

आता खरं कारण. हर्षने सही दिली, समितीची परवानगी आली, मॅडमनी शेवटी हो म्हटलं. त्याच्या रक्तावर आम्ही जांभूळ टाकून पाहिलं. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या कडेला गंजाचे ठिपके जमत गेले आणि नंतर त्या फुटायला लागल्या. नेहमीच्या रक्तात असं काही होत नाही. मुद्दाम पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडमनी स्वतः येऊन पाहिलं. मग त्यांनीच पेपर मागे घेतला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या की रेणूचा देवघेव करणारा भाग कापून दुसरा लावून बघू, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं गेली, दीपू. मी इतरांवर एवढी चिडले, नानांवर, मॅडमवर, हर्षवर, आणि आता चिडायला समोर कोणीच नाहीये. मीच म्हणत होते की करून बघू. मी म्हटलं नसतं तर जांभूळ आत्ता छापून आलं असतं. असंही मनात येतं, आणि मग स्वतःची लाज वाटते.

नोकरी बघावी असं डोक्यात आहे. औषध कंपनीत कागद तपासायचं काम मिळेल, पगारही बरा.

हे नानांना दाखवू नकोस. दाखवशीलच म्हणा.

तुझी माया हवी आहे, सध्या जरा जास्त.

तुझी,
मित्राताई


वरळी,
ता. ११ जानेवारी २०२६

चि. संघमित्रास,
नानाचा जय भीम व आशीर्वाद.

दीपूने पत्र दाखवलं. तिला रागावू नकोस, तिने ते जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि आंघोळीला गेली.

नवव्या मजल्यावर जाऊन आलो. बाईंनी आधी मला दारातच चांगलं सुनावलं. नंतर चहा दिला. नवऱ्याची तपासणी झाली, त्याच्यात काही नाही, गोळ्या परत सुरू झाल्या. ग्रुपवर दुसरा मेसेज दीपूने लिहिला, मी फक्त बोट लावलं. त्यात तुझ्या हुद्द्याचा उल्लेख नाही, काळजी करू नकोस.

आता तुझ्या नोकरीचं. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. सप्टेंबरपासून तू माझ्या डोक्याशी कटकट करते आहेस की आधी तपासा, मग औषध. मी ऐकलं नाही, तू सोडलं नाहीस. मग तुझ्या स्वतःच्या औषधाच्या बाबतीत तू तेच केलंस, आणि जे दिसायचं ते दिसलं. यात वाया गेलं ते काय? तू लिहितेस तीन वर्षं. संघमित्रा, मला शास्त्र कळत नाही. पण हे मला कळतं की तुझं ते जांभूळ असंच छापलं गेलं असतं, कारखान्यात गेलं असतं, गोळी झाली असती, आणि एक दिवस कुठल्यातरी गल्लीत एखादा माणूस ती घेऊन एखाद्या दारात उभा राहिला असता. घरात ताप आलेलं एक पोर असतं. त्याची आई असती, सरकारी औषधाला मानणारी.

तू मला एका शब्दात उत्तर दिलं नाहीस म्हणून मी तुझ्यावर फार चिडलो होतो. दौलतचं नक्की काय झालं ते मला कधीच कळणार नाही, हे मी आता मान्य केलं आहे. कांताला मी तसं सांगितलं. ती म्हणाली की तिला कळायची गरजच नव्हती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ज्या पोराच्या घरी तुझी गोळी आता जाणार नाही, त्याचं नाव तुलाही कधी कळणार नाही, आणि त्यालाही तुझं. तो उद्या सकाळी उठेल, कामावर जाईल, आईशी भांडेल. तो पितो का, असं त्याच्या बापाला कोणी विचारणार नाही. याला तू वाया गेलं म्हणत असशील, तर तुझ्या शिक्षणावर आम्ही केलेला खर्च मात्र वाया गेला.

मॅडमना सांग, पुढचा रेणू कापून शिवून तयार झाला की रक्त माझं घ्या. हर्षला सारखं टोचू नका, तो अजून अशक्त आहे. डॉक्टर म्हणतील तेवढंच घ्या, पण घ्या. आमच्या खानदानी रक्ताचा कोणाला तरी उपयोग होऊ दे. सही कुठे करायची ते कळव, मी इंग्रजी वाचून मग करीन. या वेळी खालचंही वाचीन.

दीपूचं लग्न पंधरा फेब्रुवारीला, नायगावच्या हॉलमध्ये, सकाळी अकराला. लॅबमधून येते म्हणून दुपारी उगवू नकोस. मीराबाई वेळेच्या फार कडक आहेत, मला आत्तापासून धाक आहे.

लोभ आहे, रागाच्या आड नाही, समोर आहे.

तुझा,
नाना

ता. क. झुरळं आली आहेत. दुसरा उपाय कळव.